सात हजारांचा गायगर काउंटर: ठाण्यात चालतो, अणुचाचणीच्या मैदानावर किती चालेल?

किरणोत्सार मोजणारं हे यंत्र वाईट नाही. पण विकणारा ते ज्या कामासाठी विकतोय, ते काम त्याच्या आवाक्यातलं नाही. ऑनलाइन जाहिरातीत मागे अणुस्फोटाचा ढग, पुढे हातात धरलेला काउंटर आणि खाली ‘फॉलआउट ओळखा’ (म्हणजे स्फोटानंतर खाली पडणारी किरणोत्सारी धूळ ओळखा) अशी ओळ आहे. ठाण्यातल्या घरात, नर्सरीत, ग्रॅनाइटच्या दुकानात वापरायला आम्ही त्याला पाचपैकी साडेतीन देऊ. कझाकस्तानची सहल ठरवून सेमिपालातिन्स्कचं चाचणीमैदान बघायला जाणाऱ्यांसाठी दोन. ते दोनही का, आणि उरलेले तीन कुठे गेले, हे सविस्तर लिहितो आहोत. कारण गोंधळ यंत्रापेक्षा त्याच्या आकड्यांबद्दल जास्त आहे.

खोक्यात यंत्र, यूएसबी केबल आणि चौघडी घातलेलं बारीक अक्षरांचं माहितीपत्रक. कॅलिब्रेशनचा दाखला नाही, आणि या किमतीत तो मागूही नये. मागचे चार स्क्रू काढले की आत काचेची नळी दिसते, बोटाएवढी जाड आणि साधारण नऊ सेंटीमीटर लांब. नळीचा नंबर एम४०११. बाजारातल्या बहुतेक स्वस्त काउंटरमध्ये हीच किंवा हिची भावंडं असतात, त्यामुळे बाहेरचा डबा केशरी असो की काळा, पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं. उघडणार असाल तर आधी यंत्र बंद करून बॅटरी सोडवा आणि दोन मिनिटं थांबा. नळीला सुमारे ४०० व्होल्ट लागतात. कपॅसिटरमध्ये उरलेला झटका जीव घेत नाही, पण हातातून नळी पाडायला पुरतो, आणि पडली की संपली.

नळीचं काम सोपं आहे. आत कमी दाबाचा वायू आणि मधोमध तार. एखादा बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) किंवा गॅमा किरण (एक्स-रेसारखा, पण जास्त भेदक) आत शिरून वायूच्या एका अणूतला इलेक्ट्रॉन जरी उडवू शकला, तरी ४०० व्होल्टमुळे त्याचा क्षणात लोंढा होतो आणि एक टक्‌ ऐकू येतो. लोंढा नेहमी सारखाच असतो. आत शिरलेला कण जोरदार होता की मरतुकडा, सीझियमचा होता की पोटॅशियमचा, हे नळीला कळत नाही. ती फक्त मोजते. पडद्यावर दिसणारा ‘मायक्रोसिव्हर्ट प्रतितास’ (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचा दर) हा आकडा मोजलेला नसून गुणाकाराने काढलेला आहे: दर मिनिटाचे ठोके गुणिले ०.००६५. म्हणजे २० ठोके पडले की पडदा ०.१३ दाखवणार. हा गुणक ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी बसवलेला असतो. यंत्र बीटा सोडणाऱ्या वस्तूला टेकवलंत किंवा कमी ऊर्जेच्या एक्स-रेजवळ नेलंत, की मायक्रोसिव्हर्टचा आकडा फुगतो आणि त्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: सेटिंगमध्ये जाऊन मुख्य पडद्यावर मायक्रोसिव्हर्टऐवजी ठोके प्रतिमिनिट ठेवा. त्याने निम्मी घबराट कमी होते.

ठाणे-नवी मुंबईत ठोक्यांचा हिशेब करायला सोयीचं आहे, कारण आपल्या पायाखाली दख्खनचा बसाल्ट आहे. युरेनियम, थोरियम, पोटॅशियम या तिन्ही बाबतींत हा खडक गरीब. पारसिकच्या डोंगरावर, येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर यंत्र मिनिटाला १५ ते २५ ठोके देतं. त्यातले काही अवकाशातून येणाऱ्या किरणांचे, काही जमिनीचे, आणि बरेचसे नळीचे स्वतःचे. केरळच्या चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या काळ्या वाळूत हेच यंत्र याच्या कितीतरी पट ओरडेल, आणि तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात ओट्याचा काळा ग्रॅनाइट बहुतेकदा काहीच फरक दाखवत नाही, कारण व्यापारी ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बऱ्याचदा बसाल्टाच्याच जातकुळीचा असतो. गुलाबी आणि लाल ग्रॅनाइट मात्र खरा ग्रॅनाइट. त्यावर ठोके स्पष्ट वाढतात. त्यानं कुणाच्या चपात्यांना काही होत नाही.

आता संयमाचा भाग. एका मिनिटात २० ठोके आले तर खरा आकडा २० च्या आसपास साडेचार इकडे-तिकडे असू शकतो, कारण किरणोत्सार नशिबाच्या खेळासारखा तुटक येतो आणि मोजणीतली अनिश्चितता मोजलेल्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते. म्हणजे १६ नंतर २४ आले तर काहीही घडलेलं नाही. दहा मिनिटं मोजा: २०० ठोके, चूक १४. तासभर मोजा: १२००, चूक ३५. दहा टक्क्यांची वाढ ओळखायची असेल तर तास लागतोच, आणि तितकाच वेळ पार्श्वभूमी, म्हणजे त्या जागेचे नेहमीचे ठोके, मोजायलाही. माहितीपत्रकात हे कुठेच नाही. उलट यंत्राचा अलार्म कारखान्यातूनच इतक्या खाली लावून येतो की रात्री दोन वाजता नुसत्या योगायोगाने वाजतो. तो १०० ठोक्यांवर नेऊन ठेवा.

यंत्र जिवंत आहे की नाही हे तपासायला परवान्याची कुठलीही वस्तू लागत नाही. कल्याण-पनवेलकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रातून किंवा मोठ्या नर्सरीतून म्युरेट ऑफ पोटॅश अर्धा किलो आणा. ते साधं लाल-पांढरं खत निम्मं पोटॅशियम असतं, आणि निसर्गातल्या एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटत असतात. म्हणजे अर्ध्या किलोच्या पुडीत सेकंदाला आठ हजारांच्या आसपास. पुडी पातळ प्लॅस्टिकची ठेवा, थर सपाट पसरा, नळीची बाजू त्यावर टेकवा आणि दहा मिनिटं मोजा. ठोके पार्श्वभूमीच्या वर ठळकपणे चढायला हवेत. मग मधे स्टीलच्या डब्याचं झाकण सरकवा. वाढ जवळजवळ गायब होते, कारण ती बहुतेक बीटाची होती आणि स्टीलनं ती अडवली. यंत्रातून घेण्यासारखा सगळ्यात उपयोगी धडा हाच: झाकणाशिवाय आणि झाकणासह, दोन्ही मोजा. फरक पडला तर बीटा, नाही पडला तर गॅमा.

जांभळी नाक्याच्या बाजारात गॅसबत्तीची जुन्या पद्धतीची जाळी मिळाली तर तीही चाचणीला चालते. तिच्यात थोरियम असतं. वागळे इस्टेटमधल्या वेल्डिंगवाल्यांकडे लाल टोकाचा टंगस्टन रॉड असतो, त्यात दोन टक्के थोरियम. जाळी पिशवीतून काढू नका, पेटवून तिची राख हुंगू नका, आणि रॉड ग्राइंडरवर घासताना जवळ उभे राहू नका. स्मोक डिटेक्टर उघडून आतला अमेरिसियमचा तुकडा बाहेर काढायचे व्हिडिओ दिसतात. तो उद्योग अजिबात करू नये.

खोट्या अलार्मांमध्ये पावसाचा पहिला नंबर. पावसानंतर गाडीच्या बॉनेटवरून टिश्यू पेपर फिरवून तो नळीला लावला, की ठोके दुप्पट-तिप्पट होतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुठंतरी स्फोट झालाय’ असा निरोप फिरतो. साप म्हणून भुई धोपटण्याचा प्रकार. जमिनीतून रेडॉन वायू सतत बाहेर पडत असतो. त्याचे वंशज, म्हणजे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४, हवेतल्या धुळीला चिकटतात आणि पाऊस त्यांना खाली आणतो. ओळखायचं कसं? तोच टिश्यू हलवू नका आणि दर दहा मिनिटांनी मोजा. अर्ध्या-पाऊण तासात वाढ निम्मी झाली आणि तीन-चार तासांत संपली, तर रेडॉन. दुसऱ्या दिवशीही तेवढीच राहिली तर विषय वेगळा. यात गंमत अशी, की मे महिन्यातला वळीव हा खेळ छान दाखवतो आणि जुलैची झड फारशी दाखवत नाही. वळवाची हवा जमिनीवरून आलेली असते. नैर्ऋत्य मोसमी वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून येतात, आणि समुद्र रेडॉन जवळजवळ सोडतच नाही.

दुसरा नंबर माणसांचा. ठाणे-पनवेल लोकलमध्ये यंत्र एकदम कडकडायला लागलं आणि पुढच्या स्टेशनावर शांत झालं, तर बहुधा शेजारी न्यूक्लिअर मेडिसिनची तपासणी करून आलेला रुग्ण होता. हाडांच्या स्कॅनसाठी दिलेल्या टेक्निशियमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) सहा तासांचं असतं. थायरॉइडच्या उपचारात आयोडीन-१३१ देतात, त्याचं आठ दिवसांचं. यंत्र खिशात टाका आणि गप्प बसा. त्या माणसाला आधीच पुरेसं टेन्शन असतं.

तिसरा प्रश्न नवी मुंबईत हमखास येतो: वाशीला किरणोत्साराने निर्जंतुक केलेला मसाला काउंटरला दिसेल का? नाही. तिथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मसाल्यातून आरपार जातात. जसा एक्स-रे काढल्यावर आपला हात चमकत नाही, तसाच मसालाही नाही.

आता जाहिरातीतल्या त्या ढगाकडे. अणुचाचणीच्या मैदानाभोवती जे उरतं ते या नळीला किती दिसतं, हे नीट समजून घ्यायचं तर तिथं काय काय पडलं आणि त्यातलं काय टिकलं, हे वेगवेगळं पाहावं लागतं.

स्फोट हवेत उंचावर झाला तर आगीचा गोळा जमिनीला टेकत नाही. बहुतेक किरणोत्सारी पदार्थ बारीक वाफेसारखे वर जातात आणि महिनोन्‌महिने जगभर पसरून खाली येतात. गोळा जमिनीला टेकला की तो टनावारी माती ओढून घेतो. ती वितळते, तिच्यावर विखंडनाचे तुकडे चिकटतात आणि जड दाणे वाऱ्याच्या दिशेनं पहिल्या काही तासांतच पडतात. १६ जुलै १९४५ ची न्यू मेक्सिकोतली पहिली चाचणी ३० मीटरच्या मनोऱ्यावर झाली होती. तिथली वाळू वितळून हिरवट काच झाली, तिला ट्रिनिटाइट म्हणतात. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघाचा पहिला बॉम्बही सेमिपालातिन्स्कजवळ मनोऱ्यावरच फोडला गेला, आणि त्या धुळीची वाट शंभरावर किलोमीटर ईशान्येच्या डोलोन गावावरून गेली.

ताज्या फॉलआउटचा एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा दर दहापट घटतो. स्फोटानंतर एक तासाने दर १००० असेल तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १०, दोन आठवड्यांनी १. म्हणजे या यंत्राची खरी गरज पहिल्या दोन दिवसांत असते, आणि नेमकं तेव्हाच ते दगा देतं. प्रत्येक टक्‌नंतर नळी सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागासाठी आंधळी होते. पार्श्वभूमीला याने काही बिघडत नाही. पण तासाला एक मिलिसिव्हर्टच्या, म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्टच्या, आसपास गेलात की ठोक्यांचा मोठा हिस्सा हुकायला लागतो. त्याहून खूप पुढे गेलात तर काही स्वस्त यंत्रांचा आकडा वर जाण्याऐवजी खाली येतो, कधी शून्यावर बसतो. १ मार्च १९५४ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेचा १५ मेगाटनांचा ब्राव्हो स्फोट झाला, अपेक्षेच्या अडीचपट. वारा ज्या दिशेला वाहत होता तिकडच्या रोंगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी धूळ पडू लागली. तिथल्या ६४ लोकांना दोन दिवसांनी हलवेपर्यंत सुमारे १७५ रॅड (एक रॅड म्हणजे इथं साधारण दहा मिलिसिव्हर्ट) मात्रा मिळाली होती. तासाची सरासरी काढली तर ३५ ते ४० मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. म्हणजे या नळीच्या कामाच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे. सात हजारांचं यंत्र तिथं ‘सगळं ठीक’ म्हणून शांत बसलं असतं, हे जाहिरात सांगत नाही. म्हणून नियम असा: आधी वेगानं वाढलेला आणि मग अचानक पडलेला आकडा हा सुटका नसून धोका समजायचा, आणि आलात त्याच वाटेनं मागे फिरायचं.

दुसरी बाजू आयोडीनची. नेवाडाच्या मैदानावर १९५१ ते १९९२ मध्ये ९२८ चाचण्या झाल्या, त्यांपैकी १०० वातावरणात. १९ मे १९५३ च्या ‘हॅरी’ स्फोटाची धूळ युटाहमधल्या सेंट जॉर्ज शहरावर आली. हवेतून गवतावर, गवतातून गायीच्या पोटात, तिथून दुधात आणि मुलांच्या थायरॉइडमध्ये असा आयोडीन-१३१ चा प्रवास. आठ दिवसांचं अर्धायुष्य म्हणजे ८० दिवसांत हजारावा हिस्सा. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेनं या आयोडीनचा देशभराचा हिशेब १९९७ मध्ये मांडला, तोवर मोजायला मातीत काही उरलंच नव्हतं. आज तिथं कुणी काउंटर नेऊन ‘बघा, आयोडीनचा पत्ताच नाही’ म्हणत असेल, तर ते बरोबर आहे आणि पूर्णपणे निरर्थक आहे.

राहिलं ते दीर्घायुषी. सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. स्ट्रॉन्शियम-९०, जवळजवळ २९ वर्षं. प्लुटोनियम-२३९, २४,१०० वर्षं. या तिघांशी हे यंत्र तीन वेगळ्या तऱ्हेनं वागतं.

सीझियम दिसतं. त्याची कन्या, म्हणजे ते फुटून तयार होणारं बेरियम, गॅमा सोडते, तो काचेतून सहज आत येतो. सीझियम चिकणमातीला घट्ट धरून वरच्या काही सेंटीमीटरच्या थरातच राहतं, त्यामुळे जमिनीजवळ यंत्र धरलं की सापडतं.

स्ट्रॉन्शियम अर्धवट दिसतं. ते गॅमा सोडत नाही. फक्त बीटा आहे, त्यातही जोरदार बीटा सोडते ती त्याची कन्या इट्रियम-९०. मातीवर उघडं पडलेलं असेल तर काचेतून थोडं कळतं. वर मातीचा सेंटीमीटरभर थर आला की संपलं. शिवाय स्ट्रॉन्शियम सीझियमसारखं जागेला चिकटून बसत नाही. ते पाण्याबरोबर सरकतं, आणि कॅल्शियमचा भाऊबंद असल्यानं दुधातून हाडात जातं.

प्लुटोनियम दिसतच नाही. त्याचा अल्फा कण हवेत चार सेंटीमीटरही जात नाही. कागदानं अडतो, मग काचेचं तर विचारूच नका. नळी थेट प्लुटोनियमवर ठेवली तरी अल्फामुळे एकही टक्‌ येणार नाही. आणि प्लुटोनियमचा धोका बाहेरून नाहीच. कण श्वासातून फुप्फुसात गेला तर आहे.

आता हे सेमिपालातिन्स्कला लावून बघा. १९४९ ते १९८९ मध्ये तिथं ४५६ चाचण्या झाल्या, आणि २९ ऑगस्ट १९९१ ला मैदान बंद झालं. पहिल्या स्फोटाच्या सीझियममधला आज जेमतेम सहावा हिस्सा उरला आहे, स्ट्रॉन्शियमचंही तेच. प्लुटोनियम-२३९ मात्र ९९ टक्क्यांहून अधिक जसंच्या तसं. म्हणजे या यंत्राचा आकडा दर दशकाला खाली येतो आणि त्याला न दिसणारी गोष्ट तिथंच राहते. २०२० च्या दशकातला पर्यटक १९७० पेक्षा कितीतरी कमी आकडा बघून समाधानानं धुळीत बसून डबा खाईल. कमी आकडा खराच आहे, पण धुळीत बसायचं की नाही याचा निर्णय त्याच्यावर घेता येत नाही.

प्लुटोनियम गॅमाशिवाय कसं पसरतं याचं जास्त बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं मारालिंगा. ब्रिटननं तिथं १९५६-५७ मध्ये सात बॉम्ब फोडले, पण जमीन खरी बिघडवली ती नंतरच्या ‘किरकोळ’ चाचण्यांनी. प्लुटोनियमला साध्या स्फोटकांनी उडवण्याचे ते प्रयोग होते. अणुस्फोट नाही, ढग नाही, म्हणून सीझियमही जवळजवळ नाही. नुसतं प्लुटोनियम, सुमारे २२ किलो, रानभर उडालं. १९६७ मध्ये वरची माती नांगरून काम संपलं असं मानलं गेलं. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांना तिथं उघड्यावर प्लुटोनियमचे तुकडे सापडले, आणि १९९५ ते २००० मध्ये सगळं पुन्हा साफ करावं लागलं. प्लुटोनियमबरोबर वाढत जाणाऱ्या अमेरिसियम-२४१ चा ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा मंद गॅमा शोधून ती जागा नकाशावर आणता आली. त्यासाठी सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक हवाई सर्वेक्षणात वापरले गेले. काचेच्या नळीचं ते काम नाही.

चागानचा ‘अणुतलाव’ हे सेमिपालातिन्स्कच्या सहलीतलं दुसरं आकर्षण. १५ जानेवारी १९६५ ला नदीपात्राखाली १७८ मीटरवर १४० किलोटनचा स्फोट करून सुमारे ४०० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल खड्डा पाडला. खड्ड्याच्या काठावर उपसलेल्या दगडांच्या राशींवर यंत्र वर जातं. त्या दगडांमध्ये न्यूट्रॉनांनी किरणोत्सारी केलेलं युरोपियम-१५२ आणि कोबाल्ट-६० यांचाही वाटा होता. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं असल्यानं ते आता नगण्य झालं आहे. तलावाच्या पाण्यात मात्र यंत्र बुडवून काही कळणार नाही. पाणी स्वतः गॅमा अडवतं, आणि ट्रिटियमचा (पाण्यात मिसळणाऱ्या किरणोत्सारी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा असतो की हवेतसुद्धा मिलिमीटरांत संपतो. त्याच मैदानावरच्या डेगेलेन डोंगरात चाचण्यांसाठी खोदलेल्या १८१ बोगद्यांतून झिरपणाऱ्या ओढ्यांचंही हेच. ‘काउंटर शांत आहे, पाणी प्यायला हरकत नाही’ हा तर्क तिथं सगळ्यात धोकादायक.

तरी नेणार असालच, तर असं वापरा. निघण्याआधी ठाण्यात आणि पोचल्यावर मैदानाजवळच्या कुर्चातोव गावात, दोन्हीकडे तासभर पार्श्वभूमी मोजून लिहून ठेवा. कुर्चातोवचा आकडा ठाण्यापेक्षा जास्त आला तर नवल नाही. तिकडचा खडक वेगळा आहे, त्याचा बॉम्बशी संबंध नाही. विमानात यंत्र केबिन बॅगेत ठेवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इनमध्ये चालतच नाहीत. उंचीवर ठोके वीसेकपट झाले तर घाबरू नका, ते अवकाशातले किरण आहेत. मैदानावर यंत्र झिपच्या पिशवीत घाला. बीटात किंचित घट होते, पण धूळ यंत्राला लागत नाही आणि घरी येत नाही. आधी कमरेच्या उंचीवर, मग जमिनीपासून एका वितीवर मोजा. खाली जास्त, वर कमी असेल तर स्रोत पायाखाली आहे. यंत्र जमिनीला टेकवू नका. दर ठिकाणी निदान तीन मिनिटं थांबा. चालता चालता वाचलेला आकडा हा मागच्या वळणाचा असतो, कारण पडदा सरासरी दाखवतो. बूटकव्हर आणि मास्क मार्गदर्शक देतात, ते वारा नसला तरी काढू नका. बाहेर आल्यावर कव्हर उलटं करून काढायचं, हात धुवायचे, मग पाण्याची बाटली. काचेचे दगड, लोखंडाचे तुकडे उचलून आणू नका. न्यू मेक्सिकोतही ट्रिनिटाइट उचलणं बेकायदा आहे.

घरच्या घरी अन्न तपासायला हे यंत्र घेताय? नको. जपाननं साध्या अन्नासाठी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेक्रेल (म्हणजे सेकंदाला १०० अणू फुटणं) ठेवली आहे. एवढं सीझियम असलेली मशरूम नळीला टेकवून रात्रभर ठेवली तरी पार्श्वभूमीच्या चढउतारात हरवून जाईल. त्याला शिशाच्या जाड पेटीत थंड केलेला जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो. वाशीच्या आयसोटोप मंडळाच्या संकुलात निर्यातीच्या मालाला किरणोत्सारितेचा दाखला देणारी प्रयोगशाळा आहे, एपीएमसीच्या निर्यातदारांना ती ठाऊक असते. सात हजारांच्या यंत्राचा फोटो कुठलाही आयातदार देश दाखला म्हणून घेणार नाही.

पर्याय दोन. अभ्रकाच्या पातळ खिडकीची चपटी ‘पॅनकेक’ नळी असलेलं यंत्र अल्फाही पकडतं, पण किंमत कितीतरी पट, आणि खिडकीला नख लागलं तरी नळी गेली. दुसरा, सीझियम आयोडाइडच्या एक घनसेंटीमीटर स्फटिकाचं खिशातलं यंत्र. ते प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजून आलेख काढतं, त्यात ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर आलं की सीझियम-१३७ हे नाव घेता येतं. चाचणीमैदानाची खरंच आवड असेल तर पैसे साठवून हेच घ्या. आणि मिळालेली एकूण मात्रा हवी असेल, तर एक्स-रे खोलीतल्या तंत्रज्ञाच्या छातीवरचा टीएलडी बिल्ला ती या दोघांपेक्षा नीट सांगतो.

उरल्या बारीकसारीक तक्रारी. मोबाइल यंत्राला चिकटवून ठेवला की फोन वाजताना खोटे ठोके पडतात, निदान हातभर लांब ठेवा. डब्याच्या फटीतून थेट ऊन नळीवर पडलं की काही नगांमध्ये आकडा वाढतो. शंका आली तर सावलीत पुन्हा मोजा. बटणं रबरी आणि आळशी आहेत. नोंदी साठवण्याची सोय आहे, पण घड्याळ महिन्याला काही मिनिटं मागे पडतं, तेव्हा टिश्यू-रेडॉनच्या प्रयोगाला फोनचं घड्याळ वापरा. विकणाऱ्यानं बदली नग देताना जुन्याचं खोकं मागितलं, म्हणून खोकं फेकू नका. आणि जून लागायच्या आत यंत्र सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमटपणाने ४०० व्होल्टची वीज गळायला लागली, की कोलशेतच्या गॅलरीतसुद्धा मिनिटाला तीन-चारशे ठोके दिसतात. पंख्याखाली दिवसभर सुकवलं की ते पुन्हा वीसवर येतात.